जुनी कार देण्या-घेण्याआधी तिच्यातली माहिती कशी पुसावी

सोलापुरात जुन्या गाडीचा व्यवहार ठरला की आरसी, विमा, पीयूसी, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, दोन्ही चाव्या असं सगळं तपासलं जातं. गाडीत साठलेल्या माहितीकडे मात्र क्वचितच कुणी बघतं. ब्लूलिंक, किया कनेक्ट, आय-स्मार्ट अशी सोय असलेल्या गाड्यांत कंपनीचं सिम असतं. गाडी कुठे उभी आहे, दारं बंद आहेत का, हे ते कंपनीच्या सर्व्हरला कळवतं आणि मालकाला मोबाइलच्या ॲपवर दिसतं. आरटीओत नाव बदललं म्हणून सर्व्हरवरचं नाव बदलत नाही. आयबीएमचे सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये हेच जाहीरपणे सांगितलं होतं: विकलेली गाडी त्यांच्या ॲपमध्ये पुढे कित्येक वर्षं दिसत राहिली.

म्हणून आधी सर्व्हर, मग पडदा (डॅशबोर्डवरचा टचस्क्रीन), हा क्रम पाळा.

१. ॲपमधून गाडी काढा. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केल्याने काहीच होत नाही, खातं तसंच राहतं. ॲपमध्ये गाडीच्या माहितीत जाऊन ‘गाडी काढा’ किंवा ‘मालकी रद्द करा’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर येतो, त्यामुळे तो नंबर चालू असतानाच हे उरका. घरातल्या इतरांना ॲपमध्ये जोडलं असेल तर आधी त्यांना काढा. पर्याय सापडला नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. माहिती खोडून मागण्याच्या हक्काची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे.

२. पडदा रीसेट करा. ब्लूटूथ जोडताना ‘कॉन्टॅक्ट्स’ला होकार दिला असेल, तर तुमची फोनबुक आणि कॉलची यादी गाडीत उतरलेली असते. नेव्हिगेशनमध्ये ‘घर’ म्हणून जुळे सोलापुरातला पत्ता असतो. सेटिंग्जमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ निवडा. गाडी मोकळ्या जागी, इंजिन चालू ठेवून उभी करा. बॅटरी अशक्त असेल किंवा मध्येच इग्निशन बंद झालं तर रीसेट अर्धवट राहतो. पडदा पुन्हा सुरू झाल्यावर ब्लूटूथची यादी रिकामी आहे का, ते स्वतः उघडून बघा.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टीरिओकडे जास्त लक्ष द्या. त्यात प्ले स्टोअरसाठी टाकलेलं गूगल खातं असतं, म्हणजे तुमचा ईमेल आणि नकाशातला शोधही त्यातून उघडतो. रीसेटआधी ते खातं काढा. मग मोबाइलवरून गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन उपकरणांच्या यादीतून तो स्टीरिओ साइन आउट करा.

फोनकडूनही नातं तोडायचं असतं. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कारप्ले असं जाऊन गाडी ‘फरगेट’ करा. अँड्रॉइडवर अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंग्जमध्ये आधी जोडलेल्या गाड्यांची यादी असते, तिथून ती काढा.

३. सुट्या वस्तू. डॅशकॅमचं मेमरी कार्ड काढून घ्या. अनेक डॅशकॅम आतलं बोलणंही टिपतात. पेन ड्राइव्हही काढा. फास्टॅग बँकेकडून बंद करा. तो चालू राहिला तर पुण्याला निघालेल्या नव्या मालकाचा सावळेश्वर नाक्याचा टोल तुमच्या खात्यातून जातो आणि तो कधी, कुठून गेला याचा एसएमएस तुम्हाला येतो. यात दोघांचंही नुकसान आहे.

गाडी घेणाऱ्यांसाठी. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायची जोडणी, असते. त्यात डोंगल (छोटं उपकरण) खोचलेलं असेल तर कशासाठी आहे ते विचारा आणि काढायला लावा. सीटखाली, फ्यूज बॉक्सजवळ आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मूळ वायरिंगशी न जुळणारी जास्तीची वायर दिसते का बघा. लपवलेला जीपीएस ट्रॅकर सहसा तिथूनच करंट घेतो. गाडीवर आधी कर्ज असेल तर हे हमखास तपासा, कारण ट्रॅकर कर्ज देणाऱ्यानेही बसवलेला असू शकतो. वायर ओढून तोडू नका, इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. काही ट्रॅकर इंजिन बंद करणाऱ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) जोडलेले असतात आणि वायर तुटली की गाडी सुरूच होत नाही.

शेवटी, विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं ॲप उघडायला सांगा. तुमच्या होणाऱ्या गाडीचा नंबर तिथे अजून दिसत असेल, तर इसार दिलेला असला तरी उरलेली रक्कम तो नंबर ॲपमधून जाईपर्यंत हातात ठेवा.