घरच्या वायफायवर आयपीव्ही६ येतंय का? असं तपासा, असं सुरू करून घ्या

गावच्या गोठ्यात कॅमेरा बसवला, पण पुण्यातून काही दिसेना. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट काढूनही, नाहीच. इंटरनेटवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतंत्र पत्ता) घ्या, वेगळे पैसे पडतील." घराला स्वतःचा पत्ताच नव्हता. एका आयपीव्ही४ (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या) पत्त्यामागे अख्खी आळी बसवली होती.

आयपीव्ही४चे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता देऊ शकणारी नवी पद्धत, आयपीव्ही६, तर १९९८पासून तयार आहे. मग अडलं कुठे? मोठ्या कंपन्यांकडे जुन्या पत्त्यांची शिल्लक आहे, आणि एका पत्त्यात अनेक ग्राहक कोंबणारी सीजीनॅट यंत्रणा बसवली की निभतं. ग्राहक विचारत नाही, म्हणून घाईही नाही. जिओने २०१६मध्ये नवं जाळं उभारतानाच आयपीव्ही६ घेतलं, त्यामुळे भारतात मोबाइल पुढे गेला. घरची लाइन मात्र पुष्कळ ठिकाणी अजून मागेच आहे.

१. आधी तुलना करा. व्हीपीएन आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा. दहापैकी गुण मिळतात. मग वायफाय लावून तेच पान पुन्हा पाहा. डेटावर १० आणि वायफायवर ० आले, तर फोन ठीक आहे. खोट राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे.

२. राउटरचं पान उघडा. पत्ता आणि पासवर्ड बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर असतो. स्टेटसमध्ये वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

३. आयपीव्ही६चा मेनू शोधा. कित्येक राउटरमध्ये तो बंदच असतो. लाइनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर पीपीपीओई निवडा, नाहीतर डीएचसीपीव्ही६ किंवा ऑटो. प्रिफिक्स डेलिगेशन (घरातल्या उपकरणांसाठी पत्त्यांचा गठ्ठा मागून घेणं) चालू करायला विसरू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं: राउटरला पत्ता मिळतो, पण घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे कोरडेच राहतात. लॅनमध्ये (घरातल्या बाजूला) एसएलएएसी निवडा, म्हणजे उपकरणं आपला पत्ता आपणच तयार करतात, सेव्ह करा, राउटर बंद करून चालू करा. वॅनवर २ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला की जमलं. एफई८०ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच असतो, तो धरू नका.

आयपीव्ही६ची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत) मात्र कधीही बंद करू नका. आता प्रत्येक उपकरणाला थेट जगाचा पत्ता मिळतो. कॅमेऱ्यासाठी लागेल तेवढाच पोर्ट उघडा.

४. तरीही काही आलं नाही, तर इंटरनेट कंपनीला फोन लावा. "नेट चालत नाही" असं सांगितलंत तर ते स्पीड तपासून तक्रार बंद करतील. ड्युअल स्टॅक म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही एकत्र. नेमकं बोला: "मला ड्युअल स्टॅक हवंय, प्रिफिक्स डेलिगेशनसकट. माझ्या लाइनवर ते कधी सुरू करताय?" तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ३१ डिसेंबर २०२२नंतरच्या नव्या घरगुती वायर्ड जोडण्यांवर आयपीव्ही६ चाललं पाहिजे, असं दूरसंचार विभागाने ठरवून दिलंय. तुमची जोडणी त्यानंतरची असेल तर हे ठासून सांगा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा.

आमच्याकडे तिसऱ्या तक्रारीनंतर लाइनमन आला, राउटर बदलून गेला. त्याच संध्याकाळी पुण्यात मोबाइल डेटावर गोठा दिसला.