दांडपट्टा फोमचाच करा

शिवजयंती जवळ आली की आमच्या कोल्हापूरच्या वर्कशॉपात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, लोखंडीच द्या, धार नसली की काय अडचण नाय." अडचण आहे. नाटकांची आणि गॅदरिंगची शस्त्रं बनवून द्यायचा माझा धंदा आहे, म्हणून आधी कायद्याचं बोलते, मग फोम कापायला बसू.

शस्त्र अधिनियम, १९५९ खेळण्याला वगळतो, पण अट घालून: त्या वस्तूचा खेळण्याखेरीज उपयोग होऊ नये, आणि तिचं कामाचं हत्यारही करता येऊ नये. आता पोलादी पातं घ्या. आज बोथट आहे, उद्या ग्राइंडरवर धरलं की धार आली. म्हणून 'धार नाही' हा बचाव लंगडा. २०१६ च्या शस्त्र नियमांत तलवार, खंजीर, भाला आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं एका वर्गात आहेत. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून बाहेर. तलवारीसारख्या हत्यारांना परवाना कुठे लागतो ते शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खालच्या अधिसूचनेवर ठरतं. हा काथ्याकूट वकील करतील. तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ फिरला की पोलीस त्याच अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा नोंदवून मोकळे होतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चे मनाई आदेश सणासुदीला निघतातच. त्यात तलवारीच काय, लाठ्याकाठ्या घेऊन फिरायलाही बंदी असते. पणजोबांची खरी तलवार घरात असेल तर तिला पॉलिश करायला माझ्याकडे आणू नका, आधी पोलीस ठाण्यात जाऊन कागदांचं विचारा.

तर फोम. २०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून शाळांना तोच हवा असतो, आणि फोममध्ये तो तलवारीपेक्षा छान होतो, कारण मुळातच त्याचं पातं लवचिक. ईव्हीए फोम घ्या, पात्याला ५ मिलिमीटरचा, खोबळ्याला १० चा. खोबळा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा भाग. ज्या मुलाला वापरायचा आहे त्याच्या हाताभोवती वर्तमानपत्र गुंडाळा, वरून चिकटपट्टी मारा, मनगटापासून उभं कापून उलगडा. हा झाला तुमचा साचा. दोन बोटं जास्त ठेवा, नाहीतर अंगरख्याची बाही आत जात नाही आणि ऐन प्रवेशात पोरगं रडकुंडीला येतं. आत आडवी मूठ हवी, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. पात्यासाठी फोमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये बांबूची पातळ कामटी. कामटी टोकाच्या चार बोटं अलीकडे थांबवायची आणि फोमचं टोक गोल ठेवायचं. कुणाच्या डोळ्याजवळ गेलं तरी नुसता फोम लागेल.

चिकटवायला रबर सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावा आणि थांबा. बोट लावलं की ओढ लागते पण बोटाला काही येत नाही, अशी वेळ आली की जोडा. घाई केली तर सांधा सुटतो. मग हीट गन झपझप फिरवा. फोमची छिद्रं मिटली की वर थोडी चकाकी येते, तिथेच आवरा. त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, मग काळा ॲक्रिलिक. लोखंडाची झाक हवी असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड फडक्याने घासा. चंदेरी स्प्रे मारू नका, पातं लग्नातल्या वरखाच्या मिठाईसारखं दिसतं.

साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली, तेव्हापासून वाघनखं भेट म्हणून द्यायची फॅशन आहे. स्टीलची विकणारे पुष्कळ आहेत. मी रेझिनची ओतते, नखांची टोकं गोल ठेवते आणि काचेच्या चौकटीत कायमची चिकटवते. बोटात घालता येत नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे. टेबलावर ठेवायला पाच-सहा इंची पितळी धोप, म्हणजे सरळ पात्याची मराठा तलवार, करा, पाकिटं फोडायला. शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याची, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' अशा दोन्ही बाजू दाखवणारी तांब्याची की-चेन सगळ्यात जास्त खपते. मागे 'प्रतिकृती' असा शिक्का मारा, म्हणजे पुढे कुणी ती जुनं नाणं म्हणून खपवणार नाही.

विकायला बसणाऱ्यांनी आणखी एक कायदा वाचावा. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये ते वापरायला बंधनं आहेत. टी-शर्टवाल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल देव जाणे. त्यापेक्षा राजगडाच्या माच्यांचं रेखाचित्र काढा, मोडी अक्षरांची वळणं छापा. नक्षी स्वतः काढा, सिनेमाच्या पोस्टरवरून उचलू नका.

नेता-आणताना माल खोक्यात बंद ठेवा, वर 'नाटकाचे साहित्य' लिहा आणि आत पावती टाका. विमानाच्या केबिन बॅगेत खोटी तलवारही चालत नाही. इंग्लंडातल्या मराठी मंडळासाठी पाठवायची असेल तर तिकडे २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर बंदी आहे, ठरावीक सवलती सोडून. तिथे मी फक्त फोमचाच माल पाठवते, आणि खोक्यावर 'फोम' हा शब्द मोठ्या अक्षरात.