माघातल्या गार पाण्यात गळ टाकताना

माघ सरत आला की नाशिकला दुपारचे ऊन चटकू लागते. मात्र गंगापूर धरणाचे पाणी गारच राहते आणि पहाटे गळ टाकून बसणाऱ्याला बहुधा हात हलवत परतावे लागते, कारण सुस्तावलेला रोहू आमिष नुसते चाचपून सोडून देतो. यावर उपाय सोपा आहे.

१. अकराच्या सुमारास जावे आणि उत्तर काठावरचा, वाऱ्याच्या आडोशाचा उथळ कोपरा निवडावा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिथले पाणी आधी कोमट होते.

२. कणीक घट्ट मळताना तिच्यात चिमूटभर पिंजलेला कापूस मिसळावा. गोळी तोडली असता मधे पांढरे तंतू ताणलेले दिसले, म्हणजे मळणे जमले. अशी गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही, आणि मासा संथ असताना हाच वेळ कामी येतो. गोळी हरभऱ्याएवढीच असावी. मोठ्या गोळीचा मोह अनुभवी माणसांनाही आवरत नाही, हे वेगळे.

३. गळ लहान, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक.

४. ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा तरंगता बांधावा. तो बुडण्याची वाट पाहू नये. किंचित कलला किंवा आडवा सरकला, तरी हलकेच ओढावे.

शेतीचे आवर्तन सुटल्यावर पाणी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या गाळावर वरून सुकी खपली धरते. तिच्यावर भरवसा ठेवू नये. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये.