गार आरसा चेंबरमध्ये घालण्याआधी

दुर्बिणीचा आरसा निर्वात चेंबरमध्ये गार करून तपासताना त्यावर बाष्प गोठू नये, त्यासाठी हे. हातमोजे, टोपी, एप्रन हे सांगायला नको. गोंद, टेप, वायरीची वेष्टनं मात्र एकेक तपासा. निर्वातात साहित्यातून किती बाष्प सुटतं ते मोजणारी एक चाचणी असते; "१२५ अंशांवर २४ तासांच्या चाचणीत पास आहे" एवढ्यावर विसंबू नका. त्या चाचणीत बाष्प धरणारी पट्टी २५ अंशांवर असते, आपला आरसा उणे १५० च्या आसपास. तिथे न चिकटलेलं इथे चिकटतं. शिवाय पाण्याचा वाटा वजा करून पास करायची तिथे मुभा असते, आणि आपला खरा शत्रू पाणीच आहे.

बहुथरी इन्सुलेशन हवेतली ओल शोषतं. आधी निर्वातात तापवा, मग बसवेपर्यंत कोरड्या नायट्रोजनमध्येच ठेवा. युरोपच्या युक्लिड अवकाश दुर्बिणीला २०२३ च्या नोव्हेंबरात तारे मंद दिसू लागले ते आरशांवर साचलेल्या काही नॅनोमीटर बर्फामुळे. मार्च २०२४ मध्ये एकच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ पर्यंत तापवला, तर १५ टक्के जास्त प्रकाश येऊ लागला.

आता मी विसरलो होतो ते. आरसा सगळ्यात शेवटी गार करायचा आणि सगळ्यात आधी गरम करायचा. थंड करताना मी क्रम नीट पाळला: आधी आरशाभोवतीचं, द्रव नायट्रोजनने थंड होणारं चेंबरचं वेष्टन गार, तोवर आरशाचा हीटर चालू. चाचणी संपल्यावर थकून आधी नायट्रोजन बंद केला. वेष्टन उणे १२० च्या वर सरकलं, त्यावर आठवडाभर साचलेलं सगळं पाणी सुटलं, आणि चेंबरमध्ये सगळ्यात गार उरला होता आरसा. तो पांढरा झाला. पाणी नंतर उडालं, पण त्याच्यासोबत आलेला तेलकट थर उडाला नाही.

म्हणून आरशाचा हीटर दार लावण्याआधी तपासा. त्याचा वीजपुरवठा वेगळा ठेवा. उलट क्रम कागदावर लिहून कन्सोलला चिकटवा: आधी आरसा, मग वेष्टन. रात्रपाळीवाल्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या. नायट्रोजन संपत आला तरी आधी आरसाच गरम करायचा, म्हणून टाकीत तेवढा साठा राखून ठेवा.

क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्स (साचणाऱ्या थराचं वजन मोजणारा स्फटिक) आरशाशेजारी, त्याच तापमानावर. साक्षी काच, म्हणजे आरशावर काय साचलं ते नंतर तपासायला शेजारी ठेवलेला काचेचा तुकडा, विसरू नका. पंपाआधीचा बाष्प धरणारा सापळा गार हवा. शेवटी कोरडा नायट्रोजन सावकाश भरा. आरसा खोलीपेक्षा थोडा गरम झाल्याशिवाय दार उघडू नका. आणि वेष्टन आरशाच्या आधी गरम करू नका.