नदीच्या पाण्यातील इस्ट्रोजेन कसे मोजावे

नदीच्या पाण्यातील इस्ट्रोजेन संप्रेरके मोजायला घेण्यापूर्वी आपली गाठ किती सूक्ष्म प्रमाणाशी आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात दर उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिलएस्ट्रॅडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन सोडून त्याचे प्रमाण लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅमच्या (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) आसपास राखण्यात आले. तेवढ्यानेही तेथील फॅटहेड मिनो हे लहान मासे जवळजवळ नाहीसे झाले आणि नरांच्या शरीरात व्हायटेलोजेनिन, म्हणजे एरवी मादी अंड्यांसाठी तयार करते ते प्रथिन, मोठ्या प्रमाणात आढळले. अशा पातळीवर उपकरण कितीही महागडे असले तरी खरे काम नदीकाठी आणि निष्कर्षणाच्या, म्हणजे पाण्यातून संप्रेरके वेगळी काढण्याच्या, टेबलावरच होते.

नमुना गडद तपकिरी काचेच्या, मिथेनॉलने खंगाळलेल्या १ लिटरच्या बाटलीत घ्यावा. ही संप्रेरके प्लास्टिकला चिकटतात आणि प्लास्टिकमधून भलतेच काही पाण्यात उतरू शकते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत स्तनकर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढू लागल्या, तेव्हा त्याचे मूळ सेंट्रिफ्यूजच्या प्लास्टिक नळ्यांतून पाझरणाऱ्या नोनिलफेनॉल या इस्ट्रोजेनसारखे वागणाऱ्या रसायनात सापडले होते. म्हणून शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली नदीवर न्यावी, तेथे उघडून पुन्हा बंद करावी आणि ब्लँक, म्हणजे बाहेरून शिरलेले प्रदूषण ओळखण्याचा कोरा नमुना, म्हणून शेवटपर्यंत इतर नमुन्यांसारखीच हाताळावी. पुण्यात मुठेचे पाणी तपासायचे असेल, तर एक नमुना शहराच्या वर खडकवासल्याकडचा आणि दुसरा सांडपाणी मिसळल्यानंतरचा असावा. नुसत्या खालच्या नमुन्यावरून शहराचा वाटा सांगता येत नाही.

पाणी भरल्यावर सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणावा, बाटली ४ अंश सेल्सिअसला ठेवावी आणि शक्यतो ४८ तासांच्या आत निष्कर्षण करावे. जिवाणू वाट पाहत नाहीत: ते एस्ट्रॅडायॉल या नैसर्गिक इस्ट्रोजेनचे एस्ट्रोन या दुसऱ्या इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात, आणि मूत्रावाटे ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडलेल्या निष्क्रिय रूपात आलेले संप्रेरक मोकळेही करतात.

प्रयोगशाळेत पाणी ०.७ मायक्रोमीटरच्या काचतंतूच्या गाळणीतून गाळावे आणि लगेच कार्बन-१३ ने चिन्हांकित केलेले इंटर्नल स्टँडर्ड (वेगळी ओळखता येणारी तीच संप्रेरके) मोजून घालावे. ते निष्कर्षणानंतर घातले तर वाटेत झालेली गळती कधीच कळणार नाही. त्यानंतर ५०० मिलिग्रॅमच्या एचएलबी कार्ट्रिजमधून (संप्रेरके धरून ठेवणाऱ्या शोषकाची नळी) आधी मिथेनॉल व मग शुद्ध पाणी जाऊ द्यावे आणि थर कोरडा पडू न देता नमुना मिनिटाला ५ ते १० मिलिलिटर या गतीने सोडावा. थेंब वेगळे मोजता येईनासे झाले की गती जास्त झाली असे समजावे. पुढे ५ टक्के मिथेनॉलयुक्त पाण्याने धुऊन, निर्वात पंपावर कार्ट्रिज पूर्ण वाळवून, मिथेनॉलने संप्रेरके उतरवावीत; नायट्रोजनच्या मंद झोताखाली द्रावक उडवावा आणि उरलेला अंश अर्धा मिलिलिटर पाणी-मिथेनॉल मिश्रणात विरघळवावा. मूळ १ लिटर पाणी येथे २००० पट संहत झालेले असते, अर्थात पाण्यात विरघळलेली ह्युमिक द्रव्येही (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) तेवढीच.

एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे पदार्थ स्तंभात वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणावर, सी-१८ स्तंभ आणि ऋण आयनीकरण वापरावे; चल प्रावस्थेत, म्हणजे स्तंभातून वाहणाऱ्या द्रावकात, किंचित अमोनियम फ्लोराइड असल्यास संकेत चांगला वाढतो. एस्ट्रोनसाठी २६९ ते १४५, एस्ट्रॅडायॉलसाठी २७१ ते १४५ आणि एथिनिलएस्ट्रॅडायॉलसाठी २९५ ते १४५ ही संक्रमणे, म्हणजे मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांच्या वस्तुमानांच्या जोड्या, पाहावीत, आणि प्रत्येकासाठी खात्रीचे दुसरे संक्रमणही घ्यावे. आपल्याकडे एक गोष्ट विशेष जपावी लागते. काठावर गोठे असतील तर शेणामूत्रातून १७-अल्फा-एस्ट्रॅडायॉल येते. त्याचे वस्तुमान १७-बीटाइतकेच, म्हणजे आपण मोजत असलेल्या एस्ट्रॅडायॉलइतकेच, असल्याने दोघांना वेगळे करण्याचे काम स्तंभालाच करावे लागते. दोन्ही मानके एकत्र सोडून त्यांची शिखरे सुटी दिसतात की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावे.

गणित सोपे आहे. अर्ध्या मिलिलिटर अर्कात मिलिलिटरला ०.८ नॅनोग्रॅम आढळले, तर एकूण ०.४ नॅनोग्रॅम, म्हणजे मूळ पाण्यात लिटरला ०.४ नॅनोग्रॅम. मात्र ब्लँकमध्येच ०.२ दिसत असेल, तर हा आकडा कोणाला सांगण्याजोगा नाही.

पाण्याचा एकूण इस्ट्रोजेनी परिणाम हवा असल्यास अर्काचा वेगळा भाग यीस्ट चाचणीसाठी राखावा. या यीस्टमध्ये मानवी इस्ट्रोजेन ग्राहीचे जनुक बसवलेले असते, आणि संप्रेरक मिळताच पिवळे द्रावण लाल होते. येथील उत्तर एस्ट्रॅडायॉल-तुल्यांकात, म्हणजे तेवढाच परिणाम करणाऱ्या एस्ट्रॅडायॉलच्या प्रमाणात, येते. ते रासायनिक बेरजेपेक्षा जास्त निघाले, तर नोनिलफेनॉलसारख्या न मोजलेल्या पदार्थांचा शोध घ्यावा. कमी निघाले, तर अर्क विरळ करून चाचणी पुन्हा करावी, कारण सांडपाण्यातील विषारी द्रव्यांनी यीस्टच मेले असण्याची शक्यता असते.