जुनी मसल कार हलक्या स्पोर्ट्स कारबरोबर शर्यतीत उतरवण्यापूर्वी

मसल कार, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतली मोठ्या व्ही-८ इंजिनाची अमेरिकी गाडी, शर्यतीसाठी तयार करताना सुरुवात इंजिनापासून करू नये. बॉनेटखाली सात लिटरचे व्ही-८ इंजिन असले की मालकाचे लक्ष, वेळ आणि पैसा सगळे तिकडेच जाते. कार्बुरेटर, इग्निशन आणि एक्झॉस्ट यांच्यावर रात्री जागवल्या जातात, आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले होते हे कोणालाच आठवत नाही. मागच्या वेळी माझ्याकडूनही नेमके हेच राहिले, आणि लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकचे पेडल थेट तळाला टेकले. वळणाबाहेर मोकळी जागा भरपूर होती, म्हणून गाडी वाचली आणि मीही वाचलो. पुढच्या यादीत एकाच गोष्टीला इतके झुकते माप का आहे, याचे कारण हे आहे.

आधी हिशेब समजून घ्यावा. ४४० घन इंचांचे, म्हणजे ७.२ लिटरचे इंजिन असलेली १९७० ची डॉज चॅलेंजर सुमारे १७०० किलोंची असते. समोर आजची माझदा एमएक्स-५ असेल, तर तिचे वजन हजार-अकराशे किलोंच्या आसपास. १९९६ ची पहिली लोटस एलिस तर ७२५ किलोंचीच होती. सतराशे किलोंची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणताना ब्रेकना जवळपास २२ लाख जूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. हजार किलोंची गाडी त्याच ठिकाणी ताशी १८० नेच पोहोचली असेल, तर तिच्या ब्रेकवर येतात फक्त १० लाख जूल. म्हणजे ज्या ताकदीच्या जोरावर आपण सरळ पट्ट्यावर पुढे जातो, तीच ताकद वळणाच्या तोंडाशी दुप्पट ओझे होऊन ब्रेकवर येते, आणि हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते. या उष्णतेचा काही भाग पॅडमधून (डिस्कवर घासणाऱ्या तुकड्यांमधून) कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागात, आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरतो. 

म्हणून पहिले काम, शर्यतीच्या कितीतरी आधीचे, ब्रेक ऑइल पूर्ण बदलण्याचे. वरून थोडे भरणे म्हणजे बदलणे नव्हे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, रबरी होजमधूनसुद्धा, आणि ओलाव्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ही ब्रेक ऑइलची अमेरिकी प्रतवारी आहे. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा मुरल्यानंतर ती किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. शर्यतीसाठी बनवलेल्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो, आणि अशा गाडीत तेच घालावे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. गाडी वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती, फारशी चाललीच नाही, ही सबब इथे उपयोगाची नाही. उभ्या गाडीचे ऑइलही ओलावा शोषतच राहते.

सीलबंद नवी बाटली आणावी. मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढावी आणि प्रत्येक ठिकाणी नळीतून स्वच्छ, नव्या रंगाचे ऑइल येईपर्यंत थांबू नये. डॉट ५ आणि डॉट ५.१ यांची गल्लत करू नये. डॉट ५ हे सिलिकोनचे ऑइल आहे. ते रंग खराब करत नाही म्हणून प्रदर्शनात मांडायच्या जुन्या गाड्यांमध्ये पुष्कळदा भरलेले असते, परंतु तापल्यावर त्याचे पेडल मऊ पडते आणि ते इतर प्रकारांत मिसळता येत नाही. गाडी कोणाकडून विकत घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय भरले होते हे विचारून घ्यावे.

ऑइल बदलतानाच रबरी होज बदलावेत. या गाड्यांमध्ये ते साधारणपणे तीन असतात, पुढे दोन आणि मागच्या ॲक्सलवर एक, आणि जुने झालेले रबर दाबाखाली फुगते. १९६७ पूर्वीच्या अनेक अमेरिकी गाड्यांमध्ये मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो, म्हणजे कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. तो दुहेरी सर्किटचा करून घेतल्याशिवाय शर्यतीचा विचारही करू नये. त्या काळी चारही चाकांना ड्रम हीच सर्वसाधारण रचना होती आणि पुढचे डिस्क ब्रेक जास्तीचे पैसे भरून मिळत. ड्रम तापला की प्रसरण पावून त्यावर आतून घासणाऱ्या शूपासून दूर जातो आणि पेडल लांबत जाते. तेव्हा शर्यतीच्या वर्गाचे नियम परवानगी देत असतील, तर पुढच्या चाकांना डिस्क बसवणे ही पहिली खरेदी, आणि अश्वशक्ती वाढवणारे कोणतेही सामान त्यानंतर. मूळ ड्रमच ठेवणे बंधनकारक असेल, तर शूवरचे लायनर उत्तम दर्जाचे घ्यावेत, हवा खेळण्याची सोय करावी आणि फेऱ्या कमी माराव्यात.

ब्रेक दोन प्रकारे जातात आणि त्यांतला फरक पायाला कळला पाहिजे. पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड किंवा लायनर तापून निकामी झालेले असतात. पेडल मऊ होऊन खाली खाली जाते, तेव्हा ऑइल उकळलेले असते. पहिल्या प्रकारात वेग कमी केला की बहुधा निभावते. दुसऱ्यात पेडल झपाट्याने दोन-तीनदा दाबून उरलासुरला दाब मिळवायचा, गिअर उतरवायचे आणि तडक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यायचे. गार झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागते, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. उकळलेले ऑइल तेच असते, त्यातला ओलावाही तोच असतो, आणि पुढच्या वेळी ते तितक्याच किंवा त्याहून कमी तापमानाला उकळते. ते बदलल्याशिवाय गाडी पुन्हा बाहेर काढू नये.

आता इंजिन. त्याच्या ताकदीबद्दल आधी गैरसमज काढून टाकावा. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ वर छापलेली ४५० अश्वशक्ती ही त्या काळच्या ग्रॉस पद्धतीने, म्हणजे गाडीतला मूळ एक्झॉस्ट, एअर क्लीनर आणि इतर जोडकामे न लावता मोजलेली आहे. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या नेट आकडे देऊ लागल्या आणि आजच्या गाड्यांचे आकडेही नेटच असतात. दोन्ही शेजारी ठेवून आपण कितीतरी पुढे आहोत असे मानणे चूक आहे. शिवाय लोखंडी बिग-ब्लॉक इंजिनाचे वजनच तीनशे किलोंच्या घरात जाते, आणि ते सगळे पुढच्या चाकांवर असते.  वळणावळणांच्या ट्रॅकवरच्या, १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यत-मालिकेत तर पाच लिटरची मर्यादा होती. मार्क डोनोह्यू यांनी १९६८ आणि १९६९ मध्ये पेन्स्के संघासाठी कॅमारो चालवून, आणि पार्नेली जोन्स यांनी १९७० मध्ये बॉस ३०२ मस्टँग चालवून जी कामगिरी केली, ती याच मर्यादेतल्या इंजिनांवर. त्यांच्या गाड्यांवर सस्पेन्शन आणि ब्रेकची मेहनत इंजिनाइतकीच झालेली होती.

इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार, पाहावेत. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेव्हरोले वाहने याच कारणासाठी परत मागवली होती: माउंटचे रबर सुटले की जोर लागताच इंजिन एका बाजूने उचलले जाई आणि थ्रॉटल उघडे अडकण्याची शक्यता असे. आपल्या गाडीचे रबर आज त्याहूनही कितीतरी जुने आहे. थ्रॉटलला परतीच्या दोन स्वतंत्र स्प्रिंग असाव्यात. लांब वळणात इंजिन ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते, म्हणून आतून आडपडदे असलेला चेंबर बसवावा. नुसत्या दिव्यावर विसंबू नये, दाब दाखवणारा काटा हवाच. कार्बुरेटरच्या फ्लोट बाउलमध्येही हेच होते, वळणात पेट्रोल एकीकडे जाते आणि इंजिन अडखळते किंवा ओव्हरफ्लो होते. फ्लोटची पातळी तपासून घ्यावी. अनेक ट्रॅकवर कूलंटमध्ये ग्लायकॉल चालत नाही, कारण ते सांडले की पृष्ठभाग निसरडा होतो. नियम आधी वाचावेत. रेडिएटर, फॅन बेल्ट, होज, प्लग यांविषयी वेगळे सांगायला नको.

मागचा अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) ही यांतल्या अनेक गाड्यांची जुनी रचना आहे. जोराने ॲक्सिलरेटर दिला की पाटे पिळवटतात आणि मागची चाके थडथडतात. त्यासाठी पाट्यांना आधार देणारे बार आणि नवे बुश लागतात. स्टीअरिंग बॉक्समधला खेळ कमी करून घ्यावा. टायर आजचे रेडियल असावेत आणि त्यांच्या बाजूवरचा चार आकड्यांचा तारखेचा शिक्का वाचावा, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून टायर चांगला ठरत नाही. जुने रबर कडक होते. स्टेपनी, जॅक, मागची सीट असे जे नियमांत बसत असेल ते काढून वजन कमी करावे. आणि हे सगळे करताना ब्रेक ऑइल बदलण्याचे काम पुढच्या आठवड्यावर ढकलले जात असेल, तर हातातला पाना खाली ठेवून ते आधी करावे.

हेल्मेट, पूर्ण हार्नेस, रोल बार, अग्निशामक, बॅटरी तोडणारा स्विच. मूळ गाडीतला कमरेचा पट्टा पुरेसा नाही. यावर चर्चा नको.

आदल्या दिवशी इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. तेव्हा गाडी नेऊ नये. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी पाहावी. नवे पॅड असतील, तर ते आधीच चालवून रुळवून घ्यावेत, शर्यतीच्या पहिल्या फेरीत नव्हे. ब्रेक ऑइलची आणखी एक सीलबंद बाटली, हवा काढायची नळी आणि योग्य मापाचा पाना सामानात ठेवावा. कपडे, पाणी, कागदपत्रे प्रत्येकाला समजतात. ही बाटली मात्र विसरली जाते.

ट्रॅकवर उतरल्यावर हलक्या गाड्या जिथे ब्रेक लावतात तिथे आपण लावायचा नाही. त्यांची खूण त्यांच्यासाठी आहे. आपण आधी, सरळ रेषेत आणि ठामपणे ब्रेक लावावा, वळणात संयम ठेवावा, चाके सरळ होऊ लागली की मगच पाय देत जावा. वळणाच्या मध्यावर त्यांना गाठण्याचा प्रयत्न केला, तर पुढचे टायर तापतात आणि गाडी बाहेर ओढली जाते. वळणांमध्ये कोणी मागे चिकटून आले आणि निळा झेंडा दिसला, तर पुढच्या सरळ पट्ट्यावर पाय उचलून वाट द्यावी. केवळ इंजिनाच्या जोरावर पुन्हा पळून जाऊन पुढच्या वळणात त्यांना अडवणे हा खेळ नव्हे. पूर्ण वेगाच्या सलग फेऱ्या थोड्याच माराव्यात आणि मध्ये एक फेरी हळू घ्यावी. पेडल किंचितही लांब लागले तर ती सूचना आहे.

आत येण्यापूर्वीची फेरी जवळजवळ ब्रेक न लावता संपवावी. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नये, चाकाला ठोकळा लावावा. गाडी उभी राहिली की हवा लागणे थांबते, डिस्कची साठलेली उष्णता कॅलिपरमध्ये चढते आणि ब्रेक ऑइल अनेकदा तिथे, उभ्या गाडीतच उकळते. म्हणून पुन्हा बाहेर पडण्यापूर्वी पिटच्या आतच पेडल दाबून पाहावे, पहिल्या वळणावर नव्हे. चाकांचे नट आवळावेत. टायरचा दाब पाहावा. इंजिन ऑइल पाहावे.

संपल्यावर गाडी गार होऊ द्यावी, नट पुन्हा तपासावेत, पॅड किती उरले ते पाहून लिहून ठेवावे. उघडलेली ब्रेक ऑइलची बाटली पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नये.