ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला घेताना: खान्देशातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावरून तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचे म्हणजे घाट उतरून नंदुरबार, नाहीतर थेट धुळे गाठावे लागते. त्यात रुग्णाचा दिवस जातोच, शिवाय सोबत जाणाऱ्याची मजुरीही बुडते. ही खेप प्रत्येक वेळी करावी लागू नये म्हणून केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा उपयोगी पडते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांमार्फत सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरबसल्याही डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. मात्र डॉक्टर पडद्यावर जी काही मिनिटे देतात, त्यांचा उपयोग किती होईल हे आपण आधी केलेल्या तयारीवर अवलंबून असते, आणि नेमकी तीच तयारी बहुतेक घरांत होत नाही.

सल्ला घरून घ्यायचा की उपकेंद्रातून, हे सर्वप्रथम ठरवावे. घरी स्मार्टफोन आणि चांगली रेंज असेल, तर ई-संजीवनीचे अ‍ॅप उघडून मोबाइल क्रमांक टाकावा, आलेल्या ओटीपीने नोंदणी करावी, तक्रार लिहून जुने कागद जोडावेत आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबावे. रेंज नसेल, तर गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी आपल्या समोर बसून डॉक्टरांशी जोडून देतात. वयस्क माणसांसाठी, घरी फोन असला तरी, मी उपकेंद्राचाच मार्ग सुचवीन. तिथे रक्तदाब व साखर तपासली जाते, डॉक्टरांचा प्रश्न समजला नाही तर समजावून सांगणारे माणूस शेजारी असते आणि नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिथेच मिळतात. जाण्याआधी आशाताईंकडून अधिकारी केंद्रात असण्याची वेळ विचारून घ्यावी.

आता कागदांविषयी. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या नात्यातील एका मावशींना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होत्या. सल्ल्याच्या वेळी डॉक्टरांनी गोळीचे नाव विचारले, तेव्हा मावशींनी बटव्यातून पट्टीचा कात्रीने कापलेला तुकडा काढला. त्यावर दोन गोळ्या शिल्लक होत्या आणि नाव छापलेला भाग केव्हाच फेकला गेला होता. ‘पांढरी, बारीक गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणताही डॉक्टर औषध बदलू शकत नाही, त्यामुळे त्या दिवशीचा सल्ला अर्धवटच राहिला. म्हणून दुकानातून सुट्या गोळ्या घेतल्या, तर नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा असलेल्या भागाचा फोटो तिथेच काढून ठेवावा. केसपेपर, रक्ताचे अहवाल आणि एक्स-रे यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून आणि फ्लॅश न वापरता काढावेत, कारण चकचकीत कागदावर फ्लॅशचा डाग पडून नेमका आकडाच झाकला जातो. अंगावरील पुरळाचा किंवा जखमेचा एक फोटो जवळून आणि एक थोडा लांबून घ्यावा. शेजारी नाणे ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो.

मोजमापेही जपून घ्यावीत. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. साखरेच्या आकड्यापुढे तो उपाशीपोटीचा आहे की जेवणानंतरचा, हे लिहावे. बोटावर गडद नेलपॉलिश असेल, तर रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. लहान मुलाला खोकला असेल, तर ते शांत किंवा झोपलेले असताना छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ते जलद समजले जातात. हा आकडा डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर सल्ल्याच्या रांगेत न थांबता मुलाला थेट दवाखान्यात न्यावे.

बोलताना भाषेचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. ‘माले चक्कर येस’ (मला चक्कर येते) हे अहिराणी वाक्य जळगावच्या डॉक्टरांना सहज कळेल, पण पलीकडचे डॉक्टर खान्देशाबाहेरचे असले किंवा रुग्ण केवळ पावरी ही आदिवासी भाषा बोलत असला, तर दोन्ही भाषा जाणणारे माणूस जवळ बसवावे. त्याने रुग्णाचे म्हणणे आहे तसे सांगावे. स्वतःचे निदान त्यात घालू नये. बाईची खासगी तक्रार असेल, तर हे काम आशाताईंकडे द्यावे आणि खोलीत गर्दी होऊ देऊ नये. त्रास केव्हापासून आहे, कशाने वाढतो आणि कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती, या तीन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असाव्यात. नंदुरबार परिसरातील आदिवासी कुटुंबांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली असल्यास त्याचे कार्ड आवर्जून दाखवावे, कारण सांधेदुखी, ताप किंवा अशक्तपणा यांकडे पाहण्याची डॉक्टरांची दिशा त्यामुळे बदलते.

पडद्यावरून सगळेच होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. सर्पदंश, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, बाळंतकळा, फिट आणि बेशुद्धी यांत अ‍ॅप उघडण्यात वेळ घालवू नये; १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका पाड्यापर्यंत पोहोचत नसेल, तर मिळेल त्या वाहनाने रस्त्याकडे निघावे. कपाशीच्या हंगामात फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी किंवा धूसर दिसणे सुरू झाले, तर रुग्णाबरोबर फवारलेल्या औषधाचा डबाही दवाखान्यात न्यावा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अमली द्रव्यांच्या वर्गातील औषधे दूरसल्ल्यावर लिहून देता येत नाहीत, आणि प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटल्यास डॉक्टर तसे सांगू शकतात. त्यांनी तसे सांगितले, तर ती टाळाटाळ समजू नये. मनावरच्या ताणासाठी, झोप उडाल्यास किंवा जीव नकोसा वाटल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

सल्ला संपल्यावर चिठ्ठी उतरवून घ्यावी आणि तिच्यावर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडून ठेवणारा सरकारी क्रमांक, काढणे ऐच्छिक आहे, परंतु कामासाठी कधी सुरतेला, कधी नाशिकला जाणाऱ्या कुटुंबांनी तो जरूर काढावा. हा चौदा अंकी क्रमांक मोफत मिळतो आणि त्याला जोडलेले अहवाल रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या दवाखान्याला दिसतात. आपण स्वतः नोंदणी करत नसताना कोणी फोनवर ओटीपी मागितला, तर तो देऊ नये. पुढच्या तपासणीची तारीख, दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिला जातो, त्याच्याच चौकटीत मोठ्या अक्षरात लिहावी आणि गोळ्या संपायच्या चार दिवस आधी पुन्हा सल्ला घ्यावा.